घरच्या वायफायचा पासवर्ड कसा बदलायचा: ठाणे-नवी मुंबईतून सारखे येणारे प्रश्न

घोडबंदर रोडला राहतो आणि आयटीत आहे, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाचंही नेट अडकलं की बेल आमच्याकडे वाजते. नेरूळ, कळवा, कोपरखैरणेचे नातेवाईक आहेत ते वेगळेच. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सगळं वाचायचा कंटाळा आला तर एवढं तरी लक्षात ठेवा: राऊटरच्या मागे बारीक भोक असतं, ज्यात टाचणी जाते, त्याला हात लावायचा नाही. का ते पुढे येईलच.

पासवर्ड बदलायचाय, पण नक्की कुठला?

हाच पहिला घोळ. पासवर्ड तीन असतात आणि लोक तिन्हींना "वायफायचा पासवर्ड" म्हणतात. एक तो, जो पाहुणे चपला काढता काढता मागतात, म्हणजे फोन कनेक्ट करायचा. दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, त्याला ॲडमिन पासवर्ड म्हणतात. पहिला म्हणजे घराची किल्ली म्हटलं तर दुसऱ्याच्या जोरावर कुलूपच बदलता येतं. तिसरा म्हणजे कंपनीने किंवा केबलवाल्याने दिलेला युजरनेम-पासवर्ड, जो वापरून राऊटर स्वतःच त्यांच्याकडे लॉगिन करतो, याला पीपीपीओई म्हणतात. हा तिसरा तुम्ही बदलायचा नसतो, पण कुठेतरी लिहून ठेवलेला असावा. खाली जिथे नुसतं पासवर्ड म्हटलंय तिथे पहिला समजा.

बदलायची गरजच काय? शेजाऱ्याने वापरलं तर वापरू दे, अनलिमिटेड तर आहे.

शेजारी चांगलाच असेल हो. पण तुमच्या कनेक्शनवरून जे काही जातं ते बाहेरून बघणाऱ्याला तुमच्याच नावावर दिसतं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी जो ईमेल गेला होता, तो आपल्याच सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या वायफायवरून गेल्याचं निघालं. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाच्या दारात पोलीस पोचले, घरातले कॉम्प्युटर तपासाला गेले, आणि पुढे समजलं की त्याच्या नकळत त्याचं उघडं कनेक्शन कुणीतरी वापरलं होतं. तो सुटला, पण मधल्या काळात काय झालं असेल विचार करा. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधायची मोहीमच काढली होती. आता उघडं वायफाय फारसं दिसत नाही हे खरं, पण अख्ख्या मजल्याला माहीत असलेला पासवर्ड आणि उघडं वायफाय यात मला तरी फार फरक वाटत नाही.

आणि एक, जो वायफायवर आलाय तो तुमच्या घरातल्या कॅमेरा, प्रिंटर, टीव्हीपर्यंतही पोचू शकतो. ॲडमिन पासवर्ड जर अजून "ॲडमिन"च असेल तर राऊटरपर्यंतसुद्धा.

सगळ्यात सोपा मार्ग सांगा.

कंपनीचं ॲप. जिओचं असेल तर मायजिओ, एअरटेलचं असेल तर एअरटेल थँक्स, रजिस्टर केलेल्या नंबरने लॉगिन करा, आपलं फायबर कनेक्शन निवडा, वायफाय सेटिंग शोधा, नवीन पासवर्ड टाका, सेव्ह. झालं. मेनूची जागा प्रत्येक अपडेटला हलते त्यामुळे तिसऱ्या ओळीत की चौथ्या ते विचारू नका, "वायफाय" किंवा "डिव्हाइस" लिहिलेलं शोधायचं. राऊटर तुम्ही स्वतः दुकानातून आणलेला असेल तर त्याच्या कंपनीचं ॲप, टीपी-लिंकचं टेथर म्हणून आहे, शाओमी, टेंडा वगैरेंचीही आपापली आहेत.

अडचण एकच येते. कनेक्शन बाबांच्या नंबरवर, बाबांचा फोन साधा, ओटीपी तिकडे, आणि बाबा वॉकला उपवन तलावाला. ते येईपर्यंत थांबा.

आमचं लोकल केबलवाल्याचं नेट आहे, ॲप वगैरे काही नाही. मग?

मग ब्राउझरमधून. हे ऐकायला अवघड वाटतं पण पाच मिनिटांचं काम आहे, जरा निवांत वाचा.

फोन किंवा लॅपटॉप आधी घरच्या वायफायला जोडलेला पाहिजे, आणि फोनवरून करत असाल तर मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर फोन शहाणपणा करून भलत्याच वाटेने जातो आणि पान उघडत नाही. मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीत राऊटरचा पत्ता टाकायचा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या राऊटरला १९२.१६८.२९.१, शाओमीला १९२.१६८.३१.१. मी इथे मराठी आकडे लिहिलेत, तुम्ही मात्र इंग्रजी आकड्यांत टाईप करा, मराठी कीबोर्ड चालू राहिला तर ब्राउझर सरळ सर्च करायला लागतो आणि तुम्ही म्हणता पत्ता चुकीचा दिला.

अंदाज लावायचा नसेल तर राऊटर उलटा करून खालचं स्टिकर बघा. स्टिकर पुसलं गेलं असेल (पुसलं जातंच, कामवाल्या मावशी ओल्या फडक्याने पुसतात) तर अँड्रॉइडमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टॅप करा, "गेटवे" म्हणून एक पत्ता दिसेल, आयफोनमध्ये नेटवर्कच्या नावापुढच्या आय वर टॅप केलं की "राऊटर" असं लिहून तोच पत्ता दिसतो. तोच टाकायचा.

पान उघडताना ब्राउझर ओरडेल की हे सुरक्षित नाही. घाबरू नका, तुम्ही बाहेर कुठे गेलेला नाही, घरातल्याच डब्याशी बोलताय, पुढे जा. लॉगिन करा, मग "वायरलेस" किंवा "डब्ल्यूलॅन" नावाचा भाग, त्यात "सिक्युरिटी", त्यात पासवर्डची जागा, कुठे तिला "प्री-शेअर्ड की" म्हणतात तर कुठे "पासफ्रेज". नवीन टाका आणि सेव्ह किंवा अप्लाय दाबा. दाबल्या दाबल्या तुमचं कनेक्शन तुटेल आणि पान अडकल्यासारखं दिसेल, म्हणजे काम झालं. आता नवीन पासवर्डने जोडा.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ (वायफाय सिग्नलचे दोन पट्टे) असे दोन वेगळे भाग दिसले तर दोन्हीकडे बदला. एकीकडे जुना राहिला तर काहीच बदललेलं नाही असं समजा, ज्याच्याकडे जुना आहे तो त्या बाजूने आत येणारच.

आमच्याकडे दोन डबे आहेत, एक भिंतीवर आणि एक टीव्हीखाली. कुठला?

भिंतीवरचा, ज्यात पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर घुसते, तो ओएनटी. टीव्हीखालचा तुमचा राऊटर. फोन ज्या नावाला जोडता ते नाव ज्या डब्याचं, त्याचा बदला. पण भिंतीवरचाही स्वतःचं वायफाय सोडत असतो कधीकधी, फोनच्या यादीत बघा स्टिकरवरचं नाव येतंय का, येत असेल तर तोही बदला नाहीतर त्याचं वायफाय बंदच करा. उगाच एक दार उघडं राहतं आणि दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात ते वेगळंच.

ॲडमिन पासवर्ड चालतच नाहीये.

क्रमाने: स्टिकरवरचा, मग जुन्या राऊटरला ॲडमिन-ॲडमिन. नाही चालला तर कनेक्शन जोडायला आलेल्या माणसाने बदलला असणार, लोकल केबलवाले हे हमखास करतात कारण लोक सेटिंगशी खेळतात आणि मग रात्री अकराला त्यांनाच फोन करतात. त्यांची बाजूही समजून घ्या. फोन करून मागा, किंवा त्यांनाच सांगा की वायफायचा पासवर्ड बदलून द्या. मोठ्या कंपन्यांना तर त्यांच्या ऑफिसातूनच तुमच्या राऊटरच्या सेटिंग बदलता येतात, कस्टमर केअरला फोन केला तरी काम होतं. सारखे चुकीचे पासवर्ड मारत बसू नका, काही राऊटर थोडा वेळ लॉक होतात.

आत शिरलात की हाही बदला. २०१६ मध्ये मिराय नावाचा व्हायरस जगभर पसरला होता, त्याच्याकडे फक्त साठेक कारखान्यातल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, ॲडमिन-ॲडमिन छापाची, आणि तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले.

मग सरळ रीसेट करून टाकू का? यूट्यूबवर तर तेच सांगतात.

नाही. हाच तो टाचणीचा मुद्दा. रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं, ते दिवसातून दहा वेळा करा, काही बिघडत नाही. रीसेट म्हणजे दहा-पंधरा सेकंद टाचणी दाबून धरणं, त्याने राऊटर कारखान्यातून आला तेव्हा होता तसा कोरा होतो. म्हणजे वर सांगितलेला तिसरा, पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड पुसला जातो, आणि फायबरवाल्या डब्यात व्हीलॅन नावाचा एक नंबर भरलेला असतो तोही गेला. मग वायफाय मस्त फुल दाखवतं, पण नेट शून्य. आता केबलवाला येईपर्यंत बसा, आणि तो रविवारी येत नाही, गणपतीत तर नाहीच नाही. जिओसारख्यांचे काही डबे रीसेटनंतर आपलं आपण परत सेटिंग ओढून घेतात पण त्या भरवशावर राहू नका.

रीसेट करायचाच असेल तर आधी केबलवाल्याकडून ते युजरनेम-पासवर्ड व्हॉट्सॲपवर मागून घ्या, आणि राऊटरच्या सेटिंगमधल्या "वॅन" किंवा "इंटरनेट" पानाचा फोटो काढा. मगच टाचणी.

कसला पासवर्ड ठेवू?

नियम असा की कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरं, आणि फक्त इंग्रजी कीबोर्डवरची, देवनागरी चालत नाही. ८ ची मर्यादा लोक टार्गेट समजतात आणि बरोबर आठ आकडे टाकतात, जन्मतारीख. किंवा मोबाईल नंबर, जो दाराबाहेरच्या पाटीवर, कुरिअरच्या खोक्यावर आणि सोसायटीच्या यादीत छापलेला आहे.

हे का वाईट ते जरा हिशोबाने सांगतो. तुमचा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा हवेत जी बोलणी होतात ती कुणी जवळ बसून रेकॉर्ड केली की पुढचं काम तो घरी नेऊन निवांत करू शकतो, तुमच्या राऊटरला परत हात न लावता. आठ आकड्यांचे एकूण १० कोटी पर्याय. गेमिंगचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पर्याय तपासतं, १० लाख धरा, म्हणजे १०० सेकंद. चहा उकळायच्या आत. मोबाईल नंबर ६ ते ९ नेच सुरू होतो, म्हणजे ४०० कोटी पर्याय, साधारण तासाभरात खेळ संपला.

त्यापेक्षा चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा. समजा कढईपोपटसीवूड्सछत्री, असं काहीतरी, मध्ये एखादा आकडा. हाच नका ठेवू, आता इथे छापलाय तो. लांब असतो, लक्षात राहतो, आणि मुख्य म्हणजे आत्याला फोनवर सांगता येतो. ॲट द रेट, हॅश, डॉलरवाले पासवर्ड टीव्हीच्या रिमोटने टाईप करून बघा एकदा, परत नाव काढणार नाही. शून्य आणि ओ, वन आणि एल टाळा. मराठी शब्दांचं स्पेलिंग मात्र घरात एकदा ठरवून घ्या, कढईत एक ए की दोन यावरून आमच्या वरच्या मजल्यावर भांडण झालेलं मी ऐकलंय.

वायफायचं नावही बदलू का? मराठीत ठेवता येतं का?

येतं, पण नावाला ३२ बाईट्सची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा वेगळे धरून, तीन बाईट्स खातं. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. "जोशी" सहज बसतं, "श्री स्वामी समर्थ" नाही बसत. शिवाय जुन्या टीव्ही-प्रिंटरवर चौकोन दिसतात. इंग्रजी अक्षरांतच ठेवा.

कारखान्यातून आलेलं नाव बदललेलं चांगलं, कारण त्यावरून राऊटर कुठल्या कंपनीचा ते कळतं, आणि पासवर्डची जी गुंतागुंतीची की बनते तिच्यात नेटवर्कचं नाव मिसळलेलं असतं, त्यामुळे सर्रास आढळणाऱ्या नावांसाठी लोकांनी आधीच मोठे तक्ते करून ठेवलेत. फक्त नावात फ्लॅट नंबर आणि आडनाव टाकू नका, पार्किंगमध्ये उभ्या माणसाला कोण कुठे राहतं याची आयती यादी मिळते.

सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३, टीकेआयपी असं बरंच काही आहे, काय निवडू?

ही सगळी वायफायच्या कुलपाच्या प्रकारांची नावं आहेत. डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिक्स असा पर्याय असेल तर तो. नुसता डब्ल्यूपीए३ (२०१८ मध्ये आला) सगळ्यात चांगला, पण जुने फोन आणि प्रिंटर त्यावर चढत नाहीत. टीकेआयपी आणि डब्ल्यूईपी नकोच, डब्ल्यूईपी तर २००१ सालीच फुटलं. यादीत फक्त डब्ल्यूईपीच दिसत असेल तर तो राऊटर भंगारात द्या.

बदलला, आणि आता घरातलं सगळं बंद पडलं!

पडणारच. पासवर्ड बदलण्याचा अर्थच तो. खरं काम बदलणं नाहीच, ते दोन मिनिटांचं आहे, खरं काम नंतरचं, आणि ते कुणी सांगत नाही. म्हणून बदलायच्या आधी कागद घ्या आणि घरभर फिरून लिहा काय काय वायफायवर आहे. फोन आणि लॅपटॉप आठवतात. आठवत नाहीत ते असे: टीव्ही, टीव्हीमागची स्टिक, सेट-टॉप बॉक्स, दारावरचा कॅमेरा, अलेक्सा, गीझरचा स्मार्ट प्लग, एसी, वॉशिंग मशीन, प्रिंटर, मुलांचा जुना टॅब, आणि गच्चीवर सोलर असेल तर त्याचा इन्व्हर्टर, जो बंद झाल्याचं लोकांना दोन महिन्यांनी कळतं.

फोन, लॅपटॉप, टीव्ही सोपे. जुनं नेटवर्क "फर्गेट" करा आणि परत जोडा. फर्गेट न करता नुसतं टॅप केलं तर कित्येक फोन जुनाच पासवर्ड पाठवत राहतात आणि तुम्ही नव्याला दोष देता.

कॅमेरे, बल्ब, प्लग यांचं वेगळं असतं. त्यांना स्क्रीन नाही, म्हणून त्यांच्या ॲपमध्ये जाऊन वायफाय बदला असा पर्याय शोधायचा, पण वस्तू ऑफलाईन झाल्यावर तो पर्याय बऱ्याचदा चालत नाही, मग बटण दाबून पहिल्यापासून जोडणी. त्यामुळे दारावरच्या कॅमेऱ्यासाठी स्टूल आधीच काढून ठेवा. यातल्या बहुतेक वस्तू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, फोन ५ वर असेल तर कधीकधी जोडणी मध्येच अडकते. राऊटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करा, सगळं जोडून घ्या, परत चालू करा. या एका गोष्टीने सीवूड्सच्या मावशींचा पूर्ण शनिवार वाचला.

आणि वर्क फ्रॉम होमवाल्या माणसाची मीटिंग चालू असताना सेव्ह दाबू नका. घरात शांतता हवी असेल तर.

रिपीटर लावलाय बेडरूममध्ये, त्याचं काय?

त्याच्यात जुन्या पासवर्डची स्वतःची कॉपी असते, तो आपोआप शिकत नाही. त्याच्या ॲपमधून परत जोडा. मेश सिस्टिम (मिळून एकच वायफाय देणारे अनेक डबे) असेल तर चिंता नाही, मुख्य डब्यावर बदललं की बाकीचे आपणहून घेतात.

पासवर्ड विसरलो, पण एक फोन अजून जोडलेला आहे.

मग आहे की. अँड्रॉइड १० किंवा पुढचा असेल तर वायफाय सेटिंगमध्ये नेटवर्कवर टॅप करून "शेअर", क्यूआर कोड येतो, बऱ्याच फोनमध्ये त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. आयफोनला आयओएस १६ पासून त्याच आय वर टॅप करून पासवर्ड बघता येतो, फेस आयडी लागतो. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी की दाखवायची सोय आहे. हाच क्यूआर प्रिंट काढून फ्रिजला लावतात लोक, मला ते काही पटत नाही, किचनच्या खिडकीतून समोरच्या विंगला दिसतो. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.

पाहुणे, ट्यूशनची मुलं, पीजीवाले, सगळ्यांना द्यावाच लागतो. काय करू?

गेस्ट नेटवर्क. बहुतेक राऊटरमध्ये असतं आणि बहुतेक घरांत बंद असतं. वेगळं नाव, वेगळा सोपा पासवर्ड, त्यावरच्या लोकांना नेट मिळतं पण तुमचा प्रिंटर, कॅमेरा दिसत नाही. गणपतीत किंवा लग्नघरात चालू करा, माणसं गेली की बंद. पासवर्ड बदलायची अर्धी कारणंच संपतात. भाचा टीव्हीवर फोनमधले फोटो दाखवायला बघेल आणि होणार नाही, त्याला सांगा हे असंच असतं.

शेजारी अजून वापरतोय का ते कसं कळेल?

पासवर्ड बदलल्यावर तो सांगितला नसेल तर नाही वापरत. त्याआधी बघायचं असेल तर ॲपमध्ये किंवा राऊटरच्या पानावर जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते. त्यात अगम्य नावं दिसली की लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नका, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःचा खरा मॅक ॲड्रेस (प्रत्येक डिव्हाइसचा ओळख क्रमांक) लपवून दुसराच देतात, त्यामुळे तो "अननोन" बहुतेक तुमच्याच मुलाचा फोन असतो. घरातलं एकेक वायफाय बंद करत जा आणि यादीत काय उरतं ते बघा.

नाव लपवलं किंवा मॅक फिल्टर लावला तर पासवर्ड सोपा ठेवला चालेल ना?

नाही चालणार. लपवलेलं नाव साध्या फुकटच्या सॉफ्टवेअरने दिसतं, आणि मॅक फिल्टर, म्हणजे ठराविक मॅक ॲड्रेसनाच आत घेणं, वरच्याच कारणाने तुम्हालाच त्रास देतो.

डब्ल्यूपीएस बटणाबद्दल काहीतरी वाईट ऐकलंय.

बरोबर ऐकलंय. बटण दाबून जोडायचा प्रकार ठीक आहे, गडबड त्याच्या आठ आकडी पिनमध्ये आहे. २०११ च्या शेवटी उघड झालं की राऊटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो, पहिले चार वेगळे, पुढचे तीन वेगळे, शेवटचा आकडा तर नुसता पडताळणीचा. म्हणजे १० कोटींच्या जागी १०,००० अधिक १,००० एवढेच प्रयत्न. तुमचा ६३ अक्षरी पासवर्ड मग बाजूलाच राहतो. सेटिंगमध्ये शिरलाच आहात तर डब्ल्यूपीएस बंद करून या.

भाड्याने घर घेतलंय, राऊटर आधीपासून लावलेला आहे.

खारघर, कामोठे, ऐरोलीकडून हा प्रश्न फार येतो, दर अकरा महिन्यांनी येतो खरं तर. आधी कनेक्शन कुणाच्या नावावर ते विचारा. घरमालकाच्या नावावर असेल तर त्याच्या ॲपमधून त्याला नवीन पासवर्ड बघता येतो आणि बदलताही येतो, हे माहीत असू द्या. आधीच्या भाडेकरूच्या नावावर असेल तर ते बंद करून स्वतःचं घ्या, वापरत राहू नका, दोघांच्याही दृष्टीने बरं नाही. राऊटर मात्र फक्त डबा म्हणून वापरायचा असेल तर इथे रीसेट मारायला माझी हरकत नाही, नवीन कनेक्शनवाला येईल तेव्हा त्याच्यासमोर मारा.

नेट स्लो आहे. पासवर्ड बदलल्याने फास्ट होईल?

बहुतेक नाही. घोडबंदरच्या टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडा, शेजारपाजारची वीस-पंचवीस नावं दिसतात, सगळी २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करून बसलेली आणि तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फोन-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या, राऊटर टीव्हीच्या मागून किंवा शूरॅकमधून बाहेर काढा. लाल दिवा लागला असेल, "लॉस" लिहिलेला, तर फायबर तुटली आहे, तिथे पासवर्डचा काही संबंध नाही, रस्ता कुठे खणलाय ते बघा आणि कंप्लेंट टाका.

दर महिन्याला बदलायचा का?

नको. तीन महिन्यांनी बदला वगैरे जुना सल्ला आहे, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेही २०१७ पासून ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका असंच सांगितलंय, कारण लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात. बदलायचा तो कारण असेल तेव्हा: रूममेट सोडून गेला, भाडेकरू गेला, फोन लोकलमध्ये चोरीला गेला, किंवा पासवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी प्रेमाने टाकला.

"तुमचा राऊटर हॅक झालाय, ओटीपी सांगा" असा फोन आला.

ठेवून द्या. कुठलीही कंपनी वायफायसाठी फोनवरून ओटीपी मागत नाही आणि स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, तिथे वेळ महत्त्वाची असते.

नवीन राऊटर घेतला तर परत हे सगळं?

इथे एक मस्त युक्ती आहे. नव्या राऊटरला जुन्याचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षर न अक्षर, कॅपिटल-स्मॉलसकट, आणि सिक्युरिटीही तीच. घरातल्या वस्तूंना राऊटर बदलल्याचं कळतही नाही, बल्ब-कॅमेऱ्यासकट सगळं आपोआप जोडलं जातं. अर्थात पासवर्ड फुटलाय म्हणून बदलायचा असेल तर ही युक्ती उपयोगाची नाही.

आईबाबा नौपाड्याला एकटे असतात, मी बंगलोरला. लांबून बदलून देऊ का?

ॲपमधून होईल, कंपनीचं कनेक्शन असेल तर. पण सेव्ह दाबल्याच्या क्षणी त्यांचे फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा सगळं तुटणार आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही समजावत होतात तो कॉलही. मोबाईल डेटाचा रिचार्ज आहे का ते आधी विचारा, नाहीतर तुमच्याशी बोलायला शेजाऱ्याचं वायफाय लागेल. माझं मत, पुढच्या वेळी घरी याल तेव्हा करा, आणि केलंत तर सगळ्यात आधी टीव्ही जोडा, संध्याकाळी सातच्या आत.